१०० एमबीच्या ईएसपीत (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचं पार्टिशन) कर्नल (लिनक्सचा गाभा) मावत नाही. विंडोजला धक्का न लावता काय करता येईल?

नवखा_पेंग्विन
लॅपटॉपवर विंडोज ११ आणि आर्च लिनक्स, बूटलोडर (सिस्टम सुरू करणारा प्रोग्रॅम) सिस्टमडी-बूट. विंडोजने बनवलेलं १०० एमबीचं ईएसपी थेट /बूट वर माउंट आहे. आज कर्नल अपडेट करताना इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी इमेज) बनवण्याच्या टप्प्यावर 'जागा शिल्लक नाही' असा एरर आला. अजून रीबूट केलेलं नाही. ईएसपीला लागून विंडोजचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन (एमएसआर), त्यापुढे सी ड्राइव्ह. म्हणजे वाढवायला वाव नाही. ग्रबवर (दुसरा एक बूटलोडर) जाण्यावाचून पर्याय नाही का?

तळघर
रीबूट करूच नका. अर्धवट लिहिलेल्या इनिटरॅमएफएसवर बूट केलंत तर रूट (लिनक्सचं मुख्य पार्टिशन) सापडत नाही म्हणून कर्नल पॅनिक येईल.

आधी तात्पुरती जागा करा. एमकेइनिटसीपीआयओच्या (इनिटरॅमएफएस बनवणारं टूल) प्रीसेट फाइलमधून 'फॉलबॅक' काढा, ती इमेज डिलीट करा आणि 'एमकेइनिटसीपीआयओ -पी' (कॅपिटल पी) पुन्हा चालवा. फॉलबॅक इमेज ऑटोडिटेक्ट न वापरता बनते. त्यामुळे तुमच्या मशीनमध्ये नसलेल्या हार्डवेअरचे मॉड्यूल आणि फर्मवेअरही आत जातात आणि ती एकटीच ईएसपी भरून टाकू शकते.

कायमचा उपाय म्हणजे एक्सबूटएलडीआर पार्टिशन. बूट लोडर स्पेसिफिकेशनमध्ये ही सोय नेमकी अशाच अडचणीसाठी आहे: बूटलोडर ईएसपीत राहतो, कर्नल दुसऱ्या पार्टिशनमध्ये. विंडोजमधून सी ड्राइव्ह १ जीबीने आकसून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. मोकळ्या जागेत पार्टिशन करा आणि एसजीडिस्क या पार्टिशनिंग टूलने त्याचा टाइप कोड ईए०० द्या. बहुतेक जण इथेच अडकतात. नुसतं फॉरमॅट करून टाइप बदलत नाही, आणि 'लिनक्स फाइलसिस्टम' टाइपच्या पार्टिशनकडे सिस्टमडी-बूट ढुंकूनही बघत नाही. फॉरमॅट फॅट३२ च ठेवा. ईएक्सटी४ हवं तर ईएसपीत त्याचा ईएफआय ड्रायव्हर टाकावा लागतो. कशाला ती उठाठेव.

मग /बूट अनमाउंट करा, ईएसपी /ईएफआय वर आणि नवं पार्टिशन /बूट वर माउंट करा. एफएसटॅबमध्येही (माउंटची यादी असलेली फाइल) तसंच बदला. कर्नल, इनिटरॅमएफएस, मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या दुरुस्त्यांची) इमेज आणि लोडर/एंट्रीज (बूट मेनूतल्या नोंदी) हे फोल्डर नव्या पार्टिशनमध्ये कॉपी करा. लोडर.कॉन्फ मात्र ईएसपीतच राहू द्या. शेवटी 'बूटसीटीएल अपडेट', मग 'बूटसीटीएल स्टेटस'. त्यात एक्सबूटएलडीआरची ओळ दिसली नाही तर टाइप कोड चुकलाय.

नवखा_पेंग्विन
सी ड्राइव्हला हात लावायची भीती वाटते. दुसरी एसएसडी आहे, एक्सबूटएलडीआर तिच्यावर चालेल?

तळघर
नाही. ईएसपी आणि एक्सबूटएलडीआर एकाच डिस्कवर लागतात. पण दुसरी डिस्क असेल तर एवढी यातायात हवीच कशाला? तिच्यावर १ जीबीचं नवं ईएसपी करा, टाइप कोड ईएफ००, ते /बूट वर माउंट करून 'बूटसीटीएल इन्स्टॉल' चालवा आणि कर्नल, इमेज, एंट्रीज तिथे आणा. विंडोजचं ईएसपी जसंच्या तसं राहतं. तोटा एकच: सिस्टमडी-बूट विंडोज आपोआप शोधतो तो स्वतःच्याच ईएसपीत, त्यामुळे मेनूत विंडोज दिसणार नाही. ते फर्मवेअरच्या बूट मेनूतून निवडावं लागेल.

ग्रबग्रस्त
ग्रबची बाजूही मांडतो. तो ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस स्वतः वाचतो, म्हणून कर्नल रूटमध्येच ठेवता येतो आणि ईएसपीत ग्रबच्या काही एमबी पुरतात. पार्टिशनिंग शून्य. मात्र रूट एलयूकेएस२ ने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत) एन्क्रिप्ट केलेलं असेल तर नाद सोडा: ग्रब २.१२ ला पासवर्डवरून आर्गॉन२ पद्धतीने बनवलेली की उघडता येत नाही, पीबीकेडीएफ२ पद्धत लागते. तेव्हा तळघर म्हणतात तेच बरं.

आणि ईएसपीतल्या विंडोजच्या फॉन्ट फाइल उडवून जागा करायचा सल्ला कुठेतरी वाचाल. सुटतात जेमतेम काही एमबी, आणि विंडोजचं अपडेट त्या परत आणून ठेवू शकतं.

तळघर
एक राहिलं. एंट्रीतले पाथ ती एंट्री ज्या पार्टिशनमध्ये आहे त्याच्या मुळापासून मोजले जातात. म्हणून ईएसपीतल्या एंट्रीवरून एक्सबूटएलडीआरमधला कर्नल कधीच सापडणार नाही. दोन्ही एकत्रच हलवा. जुन्या एंट्री मागे राहिल्या तर मेनूत आर्च दोनदा दिसेल. नव्या एंट्रीवरून बूट झाल्याची खात्री करा, 'युनेम -आर' मध्ये नवी आवृत्ती दिसते का पाहा आणि मगच /ईएफआय मधल्या जुन्या एंट्री व कर्नल डिलीट करा. मायक्रोसॉफ्ट, सिस्टमडी आणि बूट या फोल्डरांना हात लावू नका.