मन आधी धुवायचं की देव आधी शोधायचा?

मोकळी_ओंजळ

"आधी मन शुद्ध करा, मग आतला देव आपोआप दिसेल." प्रवचनात, ध्यानशिबिरात, सकाळच्या फॉरवर्डमध्ये हेच ऐकत आले आहे. माझं मत असं की हा क्रमच चुकीचा आहे आणि त्यापायी भली माणसं वर्षानुवर्षं दारातच ताटकळत राहतात.

ध्यानाला बसल्यावर नेमकं काय होतं ते बघा. डोळे मिटले, श्वासाकडे लक्ष दिलं. दोन-चार श्वास बरे जातात. मग मीटिंगमध्ये कोणीतरी मारलेला टोमणा आठवतो आणि त्याला तिथल्या तिथे काय सुनवायला हवं होतं याची रंगीत तालीम सुरू होते. आपण आपला संवाद सुधारतो, पुन्हा म्हणून बघतो, आणखी धार लावतो. भानावर येतो तेव्हा जबडा आवळलेला असतो. लगेच पुढचा विचार: "शी! इतकं करूनही मन असलंच?" मला हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा घातक वाटतो. पहिल्यात नुसता राग होता. दुसऱ्यात स्वतःवरचा राग आहे आणि वर "मी एव्हाना शुद्ध व्हायला हवं होतं" ही ऐटही आहे.

डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर विचार करायची मुभा दिली तेव्हा, ज्यांना सुरुवातीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही या लोकांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. मन घासूनपुसून लख्ख करायच्या प्रकल्पाचं हेच होतं.

ध्यान करा, जप करा, खुशाल करा. पण शुद्धीचा हिशेब ठेवू नका आणि ती देवाकडे जाण्याची अट तर मुळीच करू नका. पटत नसेल तर भांडा.

सूत्रधार

असहमत. तुम्ही शुद्धी म्हणजे विचार दाबणं असं धरून चालला आहात आणि मग त्या गृहीतकालाच झोडपताय.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न कसं होतं ते सांगितलंय. त्यात कुठेही दाबादाबी नाही. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. चारही गोष्टी दुसऱ्या माणसांशी कसं वागायचं याच्या आहेत. म्हणजे मनाच्या शुद्धीची सुरुवातच डोळे उघडे ठेवून होते. गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचा, तिथेही चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून ते परत आणायला सांगितलंय. परत आणणं वेगळं, गळा आवळणं वेगळं. उलट हातपाय आवरून बसायचं आणि मनात विषय चघळत राहायचं, याला तिसऱ्या अध्यायात सरळ मिथ्याचार म्हटलंय.

दुसरं. वेदान्तात चित्ताचे तीन दोष वेगळे केलेत: मल, विक्षेप आणि आवरण. मल म्हणजे राग-लोभ-वासनांचा थर, तो निष्काम कर्माने जातो. विक्षेप म्हणजे चंचलपणा, त्याला उपासना आणि ध्यान. आवरण म्हणजे स्वरूपाचं अज्ञान, ते फक्त ज्ञानाने फिटतं. आपल्याकडे काय होतं? माणूस घरात सगळ्यांवर खेकसतो, पहाटे उठून ध्यान करतो आणि राग गेला नाही म्हणून ध्यानाला नावं ठेवतो. विक्षेपावरचा उपाय मलावर लावला तर दुसरं काय होणार?

तेव्हा क्रम बरोबरच आहे. अट जाचक वाटते म्हणून ती खोटी ठरत नाही.

संशयात्मा

(आयडी गीतेतूनच उचललाय. हो, तिथे पुढे संशयात्म्याचा नाश होतो ते माहीत आहे.)

आत कोणीतरी आहे हे तुम्ही दोघांनीही धरूनच चाललंय. ते बाजूला ठेवू. धार्मिक चिंतनाने माणूस सुधारतो, एवढंच तपासू.

१९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता चक्क बायबलमधली भल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. डोक्यात कोणता विषय घोळतोय याने म्हणावा असा फरक पडला नाही, घड्याळाने पडला. काही जण तर त्या माणसाला ओलांडून गोष्ट सांगायला गेले!

दुसरा अभ्यास २०१८ चा, गेबाउअर आणि सहकाऱ्यांचा. योग आणि ध्यान करणाऱ्यांचा अहंकार विरघळायला हवा ना? नुकताच योग किंवा ध्यान केलेल्यांमध्ये "मी इतरांपेक्षा सरस" ही भावना वाढलेली दिसली.

तेव्हा सूत्रधार, मल-विक्षेप-आवरण ही मांडणी देखणी आहे, पण मल गेला हे ठरवणार कोण? ज्याचा मल तोच?

सूत्रधार

नाही, म्हणून तर गुरू आणि सत्संग लागतो. आणि ध्यानाने ऐट वाढते हा शोध २०१८ चा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस नावाच्या ख्रिस्ती साधकाने मनाला त्रास देणारे आठ विचार मांडले. त्यात खादाडपणा आणि वासना सुरुवातीला, प्रसिद्धीचा मोह आणि गर्व शेवटी. बाकीचे जिंकलेल्यालाच हे शेवटचे दोन गाठतात. पतंजलीही सिद्धींना समाधीतला अडथळा म्हणतात. रस्त्यात खड्डा आहे हे रस्ता आखणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय.

नामधारक

बरीच पुस्तकं निघाली. मी माळ ओढणारा माणूस आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

एकशे आठ मण्यांची माळ. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी सरकवायचा, तर्जनी लांब ठेवायची. बोटांना सवय झालेली असते, ती आपली चालत राहतात. मग मेरुमणी अंगठ्याला लागतो, इतर मण्यांपेक्षा मोठा, आणि दचकायला होतं. अख्खी फेरी झाली, नाम एकदाही मनात नव्हतं. कोणाचे पैसे यायचेत, कोणाला फोन करायचाय, यातच माळ संपली. मेरू ओलांडायचा नसतो, तिथून माळ उलटी फिरवायची. ती फिरवताना पहिले दहा-पंधरा मणी मात्र नाम खरोखर असतं. मग पुन्हा पैसे आणि फोन.

आता प्रश्न: ती पहिली माळ धरायची की सोडायची? मी धरतो. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आठवा. मरताना त्याने नारायणाला हाक मारली ती देव म्हणून नव्हे, मुलाचं नाव नारायण होतं म्हणून. मन शुद्ध नव्हतंच, लक्षही देवाकडे नव्हतं. तरी ती हाक धरली गेली. म्हणून धागाकर्त्या ताईंशी माझं जुळतं. शुद्ध होऊन नाम घ्यायचं ठरवलं असतं तर मी अजून सुरुवातच केली नसती.

सूत्रधार

ती माळ धरायची नाही. जप म्हणजे त्याच्या अर्थाची भावना करणं, असं पतंजलींचं सूत्र आहे, पहिल्या पादातलं अठ्ठाविसावं. अर्थ नाही, भावना नाही, मग बोटांचा व्यायाम उरतो. कबीरांनी माळ फिरवणाऱ्यांना कशावरून सुनावलं होतं? आणि अजामिळाची कथा नामाचा महिमा सांगायला आहे, निष्काळजीपणाला परवाना द्यायला नाही. तो आयुष्यभर तसाच वागत राहिला असं भागवत म्हणत नाही. यमदूतांच्या तावडीतून सुटल्यावर पश्चात्ताप होऊन तो गंगाद्वारी जाऊन साधनेला बसला. हा अर्धा भाग सगळे गाळतात.

नामधारक

गाळत नाही हो. पण तो साधनेला बसला हाकेनंतर. आधी हाक, मग शुद्धी. माझं म्हणणं तुम्हीच मांडलंत की.

टिवल्याबावल्या

माळ मोजायची की नाही यावर हातघाई. आत देव असेलच तर हसू दाबत बसला असेल.
नामधारकांना +१. शेवटचा बाण वर्मी.

कंदील

गंभीर मुद्दा आहे म्हणून लिहिते. "मळ बाहेर पडतोय, बसत राहा" हे वाक्य शिबिरांमधून सर्रास वापरलं जातं. माझ्या नात्यातली एक मुलगी मौनाच्या निवासी शिबिराला गेली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झोप उडाली. आपला हात आपला वाटेना, बोलणारा आवाज लांबून कोणाचा तरी येतोय असं वाटायला लागलं. तिने सांगितलं तेव्हा उत्तर हेच मिळालं: जुना मळ वर आलाय, उठू नका. घरी आणल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागलं. आता बरी आहे.

हा एकटीदुकटीचा प्रकार नाही. लिंडाल, ब्रिटन वगैरे संशोधकांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य देशांतल्या बौद्ध साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखतींवरून सविस्तर नोंदी प्रसिद्ध केल्या. भीती, निद्रानाश, "मी"पणाची जाणीव विस्कटणं, सगळं त्यात आहे. काहींचं लवकर निवळलं, काहींचं बराच काळ रेंगाळलं.

शुद्धीची कल्पना इथे नडते. मळ निघतोय म्हटलं की कुठलाही त्रास प्रगतीच ठरतो आणि थांबायची खूण उरत नाही. सूत्रधार, गुरू लागतो म्हणालात. इथे गुरूच म्हणत होता बसा.

सूत्रधार

कंदील, इथे वाद घालणार नाही. झोप उडाली, शरीर परकं वाटू लागलं की बैठक थांबवायची आणि डॉक्टरकडे जायचं. योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे सांगितलेत आणि त्यात पहिला व्याधी आहे. व्याधीला प्रगती म्हणणारा गुरू ते सूत्र विसरलाय. एवढं मात्र म्हणेन की दिवसभर मौनात बसवणं हा नवख्यासाठी मार्गच नव्हे. अष्टांगयोगात यम-नियम आधी, आसन-प्राणायाम नंतर, ध्यान सातवं अंग. आज सातव्यातच थेट प्रवेश मिळतो.

पायरीवरून

शुद्धीवर इतकं चाललंय आणि एकाही प्रतिसादात चोखामेळा नाही? शुद्ध-अशुद्धाच्या याच हिशेबाने त्या माणसाला देवळाबाहेर उभं केलं. त्याच्या अभंगांत मात्र अवघा देव भरलेला. आणि आत उभे असलेले शुद्ध होते म्हणता? "आधी शुद्ध व्हा" असं म्हणणारा बहुतेक वेळा दाराच्या आतल्या बाजूला उभा असतो. मला मनाच्या शुद्धीबद्दलही म्हणूनच शंका येते. शरीराचा विटाळ गेला आणि मनाचा आला, पहारेकरी तेच.

सूत्रधार

हा अन्याय आहे. मनाची शुद्धी प्रत्येकाने स्वतःची बघायची असते, दुसऱ्याची नव्हे.

पायरीवरून

असते खरी. वर तुम्हीच नामधारकांची माळ बाद केलीत.

संशयात्मा

:-)

नामधारक, तुम्हाला एक विचारतो, टोमणा नाही. मन शांत करायला श्वास पुरतो. देवबिव न मानता लोक ध्यान करतात, १९७९ पासून जॉन कबाट-झिन यांची माइंडफुलनेसची (सजग ध्यानाची) पद्धत दवाखान्यांतून शिकवली जाते. मग नाम कशाला? समोर कोणी नसताना हाक मारायची कशासाठी?

नामधारक

मन शांत करायचं असेल तर श्वास पुरे, माझी हरकत नाही. पण श्वासाशी भांडता येत नाही.

तुकोबांचे अभंग वाचा, विठ्ठलाशी किती भांडलेत. जनाबाईने तर त्याला शिव्या घातल्यात, पोराला घालाव्यात तशा. राग आला तो गिळला नाही, पवित्र करून आणला नाही, जसाच्या तसा देवासमोर आदळला. मीही तेच करतो. धागाकर्त्या ताईंचा तो टोमणा मारणारा माणूस माझ्याही डोक्यात असतो. मी माळ बाजूला ठेवतो आणि सांगतो, बघ रे, हा असं बोलला, मला त्याचं वाईट व्हावंसं वाटतंय, आता तू बघ. असं उघड बोललं की माझंच म्हणणं मला ऐकू येतं आणि निम्म्या वेळा लाज वाटते. निम्म्या वेळा नाही वाटत. तेही सांगतो त्याला.

मोकळी_ओंजळ

याला मी शुद्धी म्हणायला तयार आहे. सूत्रधार, चार भावनांचा मुद्दा मान्य, तो मला आवडला. पण उपेक्षा करायला आधी राग ओसरलेला असावा लागतो आणि तो कसा ओसरतो ते तुमच्या सूत्रांपेक्षा नामधारकांनी जास्त नीट सांगितलं. माझं मत कायम: अट नको.

सूत्रधार

माझंही कायम. आणि जाता जाता एक अडचण टाकून ठेवतो. भांडायला समोर कोणीतरी लागतो. म्हणजे नामधारकांचा देव समोर आहे, आत नाही. मग "आतला देव" शोधायचा म्हणताय तो कोण शोधणार आणि कुठे?

नामधारक

ज्ञानेश्वरांनी अद्वैतातही भक्ती राहते असं सांगून ठेवलंय. पण ते इथल्या चार ओळींत मावायचं नाही. वेगळा धागा काढा, येतो.