जुना संगणक आणि एक्सएफसीईमधील कंपोझिटिंग
एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे लिनक्सचे दोन हलके डेस्कटॉप. दोन जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर एक्सएफसीई नकोच, कमी स्मृती लागते म्हणून एलएक्सक्यूटीच हवे, हे इथल्या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. स्मृतीतील तो थोडासा फरक ब्राउझरमध्ये चारपाच पाने उघडताच बुडून जातो. चर्चेत न आलेला मुद्दा असा की, अशा यंत्रातील ग्राफिक्स चिपही बहुधा जुनीच असते, आणि एक्सएफसीईच्या ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ या सेटिंगमध्ये कंपोझिटिंग (खिडक्यांचे चित्र एकत्र जुळवून त्यांवर दृश्य परिणाम देणारी सोय) बंद केल्यास खिडक्यांच्या सावल्या व पारदर्शकता जाते, पण चिपवरचा भार हलका होतो. दादरच्या आमच्या वाचनालयातील संगणकावर एवढ्यानेच खिडक्या सरकवताना होणारी अडखळ थांबली आणि ज्येष्ठ सभासदांची सवयीची मांडणीही टिकली, जी माझ्या मते फार मोलाची आहे. तरीही यंत्र रखडत असेल, तर डेस्कटॉप बदलण्याआधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) आणून बसवावी.