मदत हवी आहे: मलेशिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्या ओंडक्यांच्या निर्यातीची तुलना नेमकी कशी करावी?

उष्णकटिबंधीय कठीण लाकडाच्या ओंडक्यांच्या निर्यातीत एकेकाळी आघाडीवर असलेल्या मलेशियाला पापुआ न्यू गिनीने गेल्या दशकात मागे टाकले. हा बदल १९९० पासूनच्या वार्षिक आकड्यांतून दाखवण्याचा माझा प्रयत्न आहे. काम वरवर सोपे वाटले, पण आता तीन ठिकाणी अडलो आहे.

पहिला प्रश्न तुलनेच्या एककाचा आहे. द्वीपकल्पीय मलेशियातून ओंडके बाहेर पाठवण्यास १९८५ पासून बंदी आहे. बोर्निओ बेटावरील साबाह राज्याने १९९३ मध्ये बंदी घातली, ती पुढे शिथिल झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा आली. म्हणजे ‘मलेशिया’ या रकान्यात बहुतेक वर्षी मुख्यतः त्याच बेटावरील सारावाक हे राज्यच असते, आणि तेथेही ओंडक्यांचा काही हिस्सा स्थानिक गिरण्यांसाठी राखून ठेवावा लागतो. तेव्हा देशाऐवजी सारावाकच घ्यावा, असे मला वाटते. परंतु आयातदार देशांच्या नोंदींत सारावाक वेगळा दिसत नाही.

दुसरी अडचण आंतरराष्ट्रीय व्यापारातील मालाच्या संकेतांकाची. ४४०३ या ओंडक्यांच्या शीर्षकाखाली गडद व फिकट लाल मेरांती या लाकडाला ४४०३.४१ हा स्वतंत्र उपसंकेतांक आहे, तर पापुआ न्यू गिनीचे ताऊन हे लाकूड ‘इतर’मध्ये जाते. जुन्या आवृत्त्यांत उष्णकटिबंधीय लाकडाची व्याख्याच ठरावीक नावांच्या यादीने केलेली असल्यामुळे, यादीबाहेरच्या जातींचा माल ४४०३.९९ मध्ये नोंदला गेला असणार. तो धरला नाही, तर तुलना मलेशियाच्या बाजूने झुकते. हे बरोबर आहे ना?

तिसरी गोष्ट मला सर्वाधिक छळते आहे. सारावाकच्या जुन्या आकड्यांचे दोन तक्ते मी घनमीटरमध्ये जुळवून पाहिले, तर एक तक्ता दरवर्षी जवळपास त्याच प्रमाणात कमी येतो. चोरटी तोड किंवा नोंदीतील गळती हे कारण असते, तर फरक इतका एकसारखा राहिला नसता. मूळ आकडे टनांत आहेत, मात्र ते वजन नसावे.

प्रतिसाद:

तुमच्या जुन्या आकड्यांतील ‘टन’ हा हॉपस टन, म्हणजे ओंडक्यांचे घनफळ मोजण्याचे एकक आहे. त्यात ५० हॉपस घनफूट असतात आणि ओंडक्याच्या परिघाचा चौथा भाग घेऊन, त्याचा वर्ग करून, लांबीने गुणण्याची ती रीत आहे. या रीतीने खऱ्या दंडगोलाच्या सुमारे ७८.५ टक्केच घनफळ येते. म्हणून एक हॉपस टन म्हणजे सुमारे १.८० घनमीटर, ५० साधे घनफूट समजून रूपांतर केले, तर १.४२ येतात. तुमच्या दोन तक्त्यांचे गुणोत्तर ०.७८५ च्या आसपास येते का, ते आधी तपासा.

४४०३.९९ बद्दलची शंका रास्त आहे, पण तो संपूर्ण उपसंकेतांक उचलू नका. चीनच्या आयातीतून केवळ पापुआ न्यू गिनी हा मूळ देश असलेली नोंद घ्या. अलीकडच्या वर्षांत पापुआ न्यू गिनीचे बहुतांश ओंडके चीनलाच जातात, त्यामुळे त्या वर्षांच्या पडताळणीस ती बाजू पुरेशी आहे. मात्र डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोहोचते, तेव्हा एकेका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी जुळवावी. मूल्याची तुलना या टप्प्यावर टाळलेली बरी, कारण निर्यातदार बंदरावरची किंमत लिहितो आणि आयातदार त्यात वाहतूक व विमा मिळवतो.

सारावाक वेगळा काढण्यासाठी निर्यातीचीच बाजू धरावी लागेल. पापुआ न्यू गिनीत १९९४ पासून एसजीएस ही तपासणी करणारी खासगी कंपनी निर्यातीच्या ओंडक्यांवर देखरेख ठेवते. त्यामुळे तेथील त्याआधीच्या वर्षांचे आकडे आलेखात तुटक रेषेने दाखवा.