मदत हवी आहे: घाण्याचं तेल तळणाला चालतं का?

बाबांचं एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) वाढलंय, डॉक्टर म्हणाले तूप-डालडा कमी करा, तेल बदलत रहा, पण नेमकं कुठलं ते काही सांगितलं नाही. आमच्याकडे आतापर्यंत रिफाइंड सूर्यफूलच होतं, आता लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणलंय, वास मस्त येतो, फोडणी छान बसते, पण पुऱ्या तळायला घेतल्या की कढईत फेस वर येतो आणि डब्याच्या तळाशी गाळ बसलेला दिसतो. हे नॉर्मल आहे की भेसळ?

आई लातूरची, तिचं म्हणणं करडईचंच तेल हृदयाला चांगलं. पण साध्या करडईत ओमेगा ६ खूप आणि ओमेगा ३ जवळपास नाहीच, म्हणून ओमेगा ३ साठी मी जवसाची चटणी सुरू केलीये (जवसाचं तेल तापवायचं नसतं एवढं माहितीये). खोबरेल मी बादच केलंय, त्यात ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट (तुपासारखंच), नेटवाले काहीही म्हणोत.

तर फोडणीला घाण्याचं शेंगदाणा आणि तळणाला रिफाइंड असं दोन ठेवलं तर चालेल का? आणि तळून उरलेलं तेल तुम्ही काय करता, आई भाजीला वापरते, ते बंद कसं करू? चार माणसांना महिन्याला किती लिटर लागतं तेही सांगा प्लीज, आमच्याकडे जरा जास्तच जातं असं वाटतंय.