गोळी मिळणं आणि गोळी गिळता येणं

‘एचआयव्हीची औषधं मोफत मिळायला लागली की प्रश्न सुटला’ असं बरेचजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. गोळी मिळणं वेगळं आणि ती रोज, कुणी बघेल या धास्तीशिवाय घेता येणं वेगळं. समुपदेशनाच्या कामात मी पाहिलंय, माणसं डबीवरचं लेबल खरवडून काढतात, घरात पाहुणे असले की डोस चुकवतात. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे यांच्यावर तर आजाराच्या आधीपासूनच शिक्का असतो. केसपेपर काढतानाच कुणी हिणवलं की ते माणूस परत फिरकत नाही. डोस चुकत गेले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

आणखी एक गोष्ट या चर्चेत फारशी कुणी मांडत नाही. उपचार नियमित असतील आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला असेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांच्या ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासात (निष्कर्ष २०१६ आणि २०१९) कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही अशा जोडीदाराकडून एकही लागण झालेली आढळली नाही. हे ऐकल्यावर एक बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ताई, हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?”