डेंग्यूची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, पण ताप तसाच. कितपत विश्वास ठेवायचा?

मदत हवी आहे. भावाला परवापासून १०२-१०३ ताप आहे, डोळ्यांच्या मागे ठणकतंय, अंग असं मोडून आलंय की कूस बदलवत नाही. काल, म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी, रॅपिड कार्ड टेस्ट केली. एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन), आयजीएम आणि आयजीजी (शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं) तिन्ही निगेटिव्ह. घरातले खूश, मी नाही.

आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आधी दिसत नाही, त्यामुळे ती रेघ न येण्यात विशेष काही नाही. माझा प्रश्न एनएस१चा आहे. विषाणूचं हे प्रथिन पहिल्या दिवसापासून सापडू शकतं ना? मग ते नाही म्हणजे डेंग्यू नाही, असं धरायचं का? मेख अशी की त्याला चार वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेलाय. दुसऱ्यांदा होतो तेव्हा जुनी प्रतिपिंडं एनएस१ला चिकटून बसतात आणि कार्डावर तो निसटू शकतो, असं वाचलंय. कोणाला प्रत्यक्ष असं झालंय?

लॅबमध्ये काम करणारं कुणी असेल तर सांगा, आत्ताच एनएस१ एलायझा (कार्डाऐवजी लॅबमध्ये होणारी चाचणी) किंवा आरटी-पीसीआर (विषाणूची जनुकीय चाचणी) करून घ्यावं, की पाचव्या दिवशी आयजीएम पुन्हा? कालच्या सीबीसीत प्लेटलेट १ लाख ७० हजार होत्या, उद्या परत करतोय. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगितलंय. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. प्लेटलेट वाढवायचे घरगुती उपाय कृपया सुचवू नका, ते सात जणांनी आधीच सांगून झालेत.