‘९९९९ इन १’ ब्रिक गेम : तुमचे अनुभव लिहा

दोन पेन्सिल सेलवर चालणारा, १० बाय २० चौकोनांच्या पडद्याचा, चिनी बनावटीचा, कंपनीचं नाव नसलेला ब्रिक गेम. माळ्यावरून खाली आला असेल किंवा जुन्या बाजारातून घेतला असेल, तर काय बघून घेतला, काय बिघडलं होतं आणि ते कसं सुटलं ते लिहा. लहानपणीच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू. इथे फक्त कामाचं.

* * *

खोक्यावरच्या आकड्यावर भाव देऊ नका. ९९९९ काय, ९९९ काय, आत खेळ साधारण तेच : विटा, साप, रणगाडे, गाड्यांची शर्यत, बेडूक रस्ता ओलांडतो तो, चेंडूने भिंत फोडायचा. प्रत्येक खेळाचे वेग आणि पातळ्या वेगळ्या मोजून आकडा फुगवलेला असतो. किंमत ठरते ती काच, सेलचा कप्पा आणि बटणं यांवर.

पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाताना खिशात दोन ताजे सेल ठेवा. सुरू केल्यावर विटा सरळ एकावर एक रचून मुद्दाम हरा. बहुतेक गेममध्ये हरल्यावर खालपासून वरपर्यंत सगळा पडदा काळा भरतो. त्या दोन सेकंदांत कुठला चौकोन मेलाय ते दिसतं. उजवीकडचे गुणांचे आकडे तेव्हाच बघून घ्या, कारण ८ चा ६ दिसत असेल तर तोही तुटलेल्या जोडणीचाच दोष.

* * *

वरच्यात भर. पडदा फिका दिसला म्हणून गेम लगेच टाकू नका, आधी सेल कोणते आहेत ते बघा. चार्जिंगचे दोन सेल मिळून २.४ व्होल्ट देतात, साधे दोन ताजे ३ व्होल्ट. एवढ्या फरकाने चौकोन राखाडी पडतात. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर भाव करायला बरंच आहे.

* * *

चौकोन गायब होणे, याबद्दल सविस्तर.

पडद्यावर २०० चौकोन असले तरी काचेकडे २०० वाटा जात नाहीत. एकेका वाटेवर अनेक चौकोन असतात, म्हणून एक जोडणी सुटली की गटच्या गट जातो, आणि तो सरळ रेषेत असेलच असं नाही. दोष बहुधा चिपमध्ये नसतो. (चिप म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवरचा तो काळा डांबरासारखा थेंब. तो गेला तर गेम शोभेचा.)

मागचे स्क्रू काढा. एखादा सेलच्या कप्प्यात लपलेला असतो. झाकण झटकन उचलू नका, आवाजाच्या चकतीच्या दोन केसासारख्या तारा त्यालाच चिकटलेल्या असतात.

काच आणि पाटी यांच्यामध्ये त्यांना जोडणारी काळी-गुलाबी रबराची पट्टी दिसली तर नशीब चांगलं. पट्टी, काचेची कड आणि पाटीवरचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, पट्टी उलटी करून बसवा. पाटीचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी घट्ट केलीत तर दुसरीकडचे चौकोन जातात.

त्याऐवजी काच पाटीला जोडणारी पातळ, चिकटवलेली रिबन असेल तर ती ओढायची नाही. पातळ सिलिकॉनचा तुकडा मध्ये ठेवून तापमान ठरवता येणाऱ्या सोल्डरिंग आयर्नने, १५० अंशांच्या आसपास, हळू दाबत न्या. साधं २५ वॅटचं आयर्न यापेक्षा कितीतरी गरम होतं, रिबन जळते. पहिल्या खेपेला जमलं नाही तर दुसऱ्यांदा जमण्याची आशा थोडी असते, चौथ्यांदा नसते.

बंद करताना स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक्’ करून जुन्या आट्यात बसला की मग आवळा. तसाच पिळलात तर प्लास्टिकला नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळांत भोक सैल होतं.

* * *

कोकणातल्यांसाठी : स्प्रिंगवर हिरवं येणारच. सेल फुटून पांढरी भुकटी झाली असेल तर सेल कुठला होता ते महत्त्वाचं. अल्कलाइनची गळती अल्कधर्मी, तिला कापसाच्या काडीवर व्हिनेगर. साध्या झिंक-कार्बनची आम्लधर्मी, तिला खायच्या सोड्याचं पाणी. नंतर अल्कोहोल. स्प्रिंग पोखरली असेल तर जुन्या रिमोटची बसते. बाहेरच्या बाजूला अल्कोहोल लावू नका, बटणांजवळची छापील अक्षरं पुसली जातात.

* * *

बटणं. दाबूनही वीट वळत नसेल तर रबराखालची काळी गोळी मल्टिमीटरने मोजा. काहीशे ओहम आले तर ठीक, दहा-वीस हजार आले तर ती संपली. आधी नुसती पुसून बघा. ६बी पेन्सिल घासणं हा काही आठवड्यांचा उपाय. अॅल्युमिनियमचा कागद चिकटवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याच्या कडेने पाटीवरचा कार्बन खरवडला जातो. वीज वाहून नेणारा कार्बनचा रंग मिळाला तर तोच गोळीला लावा.

* * *

पडदा जांभळट, काळपट आणि आंबूस वास : काचेवरची पोलरायझर फिल्म (जिच्यामुळे चौकोन काळे दिसतात ती) गेली. ब्लेड आडवं धरून सोला, गोंद अल्कोहोलने काढा. नवी फिल्म कापण्याआधी गेम सुरू ठेवून ती काचेवर फिरवा, चौकोन सर्वात गडद दिसतात त्या कोनात खूण करा, मग कापा. ९० अंश चुकली तर काळ्यावर पांढरे चौकोन दिसतात. काहीजण हे हौसेने करतात. संग्रहासाठी घेतलेल्या गेमवर कृपया नको.

काचेच्या आत शाईसारखा डाग पसरला असेल तर ती काच फुटली आहे. त्याला इलाज नाही, सुट्या भागांसाठी ठेवा.

* * *

सेल घालून कपाटात ठेवू नका. सर्वोच्च गुण सेल काढल्यावर जातात, ते गेले तर जाऊ देत. हवे असतील तर आधी पडद्याचा फोटो काढा.